डॉकर, पॉडमन का कुबरनेटीस? लाईट जाणाऱ्या गावात ॲप चालवायचं तर काय निवडायचं

मराठवाड्यात कुठंही जा, संभाजीनगर म्हणा नांदेड म्हणा लातूर म्हणा, डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग झालेली पोरं कुणाच्या आडतीचं, कुणाच्या क्लासचं, कुणाच्या जिनिंगचं सॉफ्टवेअर बनवून द्यायलेत. आणि ॲप तयार झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, कंटेनरमध्ये, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात, टाकायचंय तर डॉकर घेऊ का पॉडमन, का एकदाच कुबरनेटीस शिकून मोकळा होऊ? याची तुलना करणारे तक्ते नेटवर पैशाला पासरी आहेत, पण ते सगळे क्लाउडमधलं मशीन धरून लिहिलेले, जिथं लाईट जायचा विषयच नाही. आपल्याकडं मशीन असतं मोंढ्यातल्या दुकानात काउंटरखाली, इन्व्हर्टर असला तर असला, आणि डीपी जळाली की मग दोन दिवस राम राम. म्हणून इथं तुलना त्याच हिशोबानं करू: लाईट गेली आणि आली तर कुणी हात न लावता कोणतं टूल सगळं परत उभं करतंय, आणि तुम्ही गावाला गेलात तर मागं ते कोण बघू शकतंय.

उदाहरण एकच धरू, आडत दुकानाचं. शेतकऱ्याचा माल उतरला, काटा झाला, सौदा झाला की हमाली-तोलाई वजा करून हिशोब पट्टी छापायची. ॲप पायथॉनच्या जँगोमध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस, पुढं वेब सर्व्हर एन्जिनेक्स, म्हणजे एकूण तीन कंटेनर. मशीन ८ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू सर्व्हर. सोयाबीनच्या सीझनला दसरा-दिवाळीच्या आगंमागं दिवसभर पट्ट्या निघतात, बाकी वर्षभर निवांत.

टूल बघायच्या आधी

कंटेनरला छोटं व्हर्च्युअल मशीन समजू नका. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, असतो, कंटेनर मात्र होस्टचाच लिनक्स कर्नल वापरतो, नेमस्पेसमुळं त्याला शेजारचं काही दिसत नाही आणि सीग्रुपमुळं रॅम-सीपीयूची लिमिट लावता येते. ह्या गोष्टी लिनक्समध्ये आधीपासून होत्याच, एलएक्ससी हे कंटेनरचं टूल २००८ पासूनचं आहे. २०१३ ला डॉकर आलं आणि त्यानं इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर उभा राहतो तो तयार साचा, बनवायची आणि वाटायची पद्धत इतकी सोपी केली की सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. मग २०१५ ला ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह निघालं, ओसीआय म्हणतात त्याला, आणि इमेज कशी असावी अन् ती चालवायची कशी याचं स्टँडर्ड ठरलं. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे, डॉकरनं बनवलेली इमेज पॉडमनवर चालते आणि कुबरनेटीसवर पण तीच चालते. २०२२ मध्ये कुबरनेटीसच्या १.२४ व्हर्जनमधून डॉकरशी जोडणारा दुवा, डॉकरशिम, काढला तेव्हा 'कुबरनेटीसनं डॉकर बंद केलं' म्हणून केवढी बोंब उठली होती, पण इमेजला ढिम्म काही झालं नाही.

तर इमेजची चिंता सोडा, डॉकरफाइल, म्हणजे इमेज कशी बनवायची याची कृती, एकदा नीट लिहिली की ती कुठंबी चालती. निवडायचं ते एवढंच की कंटेनर चालू कोण करणार, कुठल्या अधिकारानं करणार आणि पडला तर उचलणार कोण.

डॉकर

डॉकरमध्ये मागं एक डीमन, म्हणजे पडद्यामागचा प्रोग्राम, कायम चालू असतो, तो पण रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावानं. तुम्ही दिलेली कमांड त्याच्याकडं जाते, तो कंटेनरडीला सांगतो, कंटेनरडी रनसीला, आणि मग कंटेनर उभा राहतो. बरं झालं काय तर बूट झाल्या झाल्या हा डीमन स्वतः उठतो आणि ज्या कंटेनरला रीस्टार्ट पॉलिसी लावलीय ते सगळे उठवतो. वाईट काय, तर सुडो टाळायला म्हणून ज्याला तुम्ही डॉकर ग्रुपमध्ये घातलं त्याला अख्ख्या मशीनची रूटची चावी दिली असं समजा, कारण तो कंटेनरमध्ये होस्टची पूर्ण डिस्क माउंट करून काहीही करू शकतो. दुकानातल्या मशीनवर चार जणांचे लॉगिन असतील तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

डॉकरची खरी ताकद कंपोजमध्ये आहे. तिन्ही कंटेनर, डेटा ठेवायचे व्हॉल्यूम, पोर्ट, पासवर्डची फाइल, सगळं एका यामल फाइलमध्ये लिहायचं आणि 'डॉकर कंपोज अप' पुढं डॅश डी, झालं काम. जुन्या ट्युटोरियलमध्ये मधी डॅश असलेली 'डॉकर-कंपोज' दिसेल, ती पहिली आवृत्ती २०२३ पासून बंद आहे, आता मधी स्पेस देऊन लिहायचं. इन्स्टॉल करताना डॉकरचीच एपीटी रिपॉझिटरी जोडून करा, स्नॅपचं पॅकेज टाळा, त्यात फोल्डरच्या परवानग्यांची उगं कटकट होते.

दोन खोड्या मात्र सांगितल्याच पाहिजेत. पहिली फायरवॉलची. तुम्ही उबुंटूची फायरवॉल यूएफडब्ल्यू लावली, सगळे पोर्ट बंद केले, निवांत झोपलात, आणि कंपोजमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट पब्लिश केलेला असला तर तो बाहेरून उघडाच आहे! डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे नियम लिहितो आणि पब्लिश केलेल्या पोर्टची ट्रॅफिक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत जातच नाही. इलाज सोपा आहे, डेटाबेसचा पोर्ट पब्लिशच करू नका, एकाच कंपोज फाइलमधले कंटेनर एकमेकाला नावानं सापडतात. टेस्टिंगला लागलाच तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा म्हणजे त्याच मशीनपुरता राहील.

दुसरी लॉगची. डॉकरचा लॉग जेसॉन फाइलमध्ये जातो आणि डिफॉल्ट सेटिंगमध्ये ती फाइल कधीच कापली जात नाही, वाढत राहते. सीझन संपेपर्यंत डिस्क भरली की पोस्टग्रेस लिहायचं थांबवतं, आणि शेतकरी पट्टीसाठी काउंटरवर उभा. डीमनच्या सेटिंग फाइलमध्ये मॅक्स-साइज १० एमबी आणि मॅक्स-फाइल ३ टाका, डॉकर रीस्टार्ट करा, आणि कंटेनर नव्यानं बनवा, कारण ही सेटिंग जुन्या कंटेनरला लागू होत नाही. हे लई जणांच्या लक्षात येत नाही.

लायसनचं म्हणाल तर लिनक्सवरचं डॉकर इंजिन फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. पैसे डॉकर डेस्कटॉपला लागतात, ते पण कंपनीत २५० किंवा जास्त माणसं असली नाहीतर वर्षाची उलाढाल १ कोटी डॉलरच्या वर असली तर. मोंढ्यातल्या दुकानाला त्याचं काही घेणंदेणं नाही, पण वाळूज-शेंद्र्याच्या एखाद्या मोठ्या कंपनीसाठी काम करत असाल आणि तिथल्या विंडोज मशीनवर डेस्कटॉप टाकणार असाल तर आधी त्यांच्या आयटीवाल्याला विचारा.

पॉडमन

पॉडमन रेड हॅटवाल्यांनी सुरू केलेलं. कमांड जवळपास सगळ्या डॉकरसारख्याच, 'डॉकर रन'च्या जागी 'पॉडमन रन', कित्येक जण तर एलियास लावून डॉकरच टाइप करतात. फरक आतून आहे, इथं मागं कायम चालणारा डीमनच नाही, आणि साध्या युजरखाली, रूटशिवाय कंटेनर चालवणं हा त्याचा नेहमीचा रस्ता आहे. डॉकरमध्ये पण रूटलेस मोड आहे पण तो मुद्दाम बसवावा लागतो.

रूटलेसमुळं सुरक्षेचं बरं होतंय पण सुरुवातीला चार ठिकाणी ठेच लागणार. इमेजचं नाव पूर्ण द्यायची सवय लावा, पुढं डॉकर डॉट आयओ लावून, नाहीतर तो विचारत बसतो कुठून आणू. १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या युजरला मिळत नाही, म्हणून एन्जिनेक्स ८० वर चालवायचं असेल तर सिसकंट्रोलमधून अनप्रिव्हिलेज्ड पोर्टची सुरुवात ८० वर आणावी लागते, नाहीतर ८०८० वर समाधान माना. होस्टवरचं फोल्डर माउंट केलं तर फाइलचा मालक म्हणून १००९९८ असला काहीतरी नंबर दिसतो, त्याला घाबरायचं नाही, कंटेनरमधला ९९९ नंबरचा पोस्टग्रेस युजर बाहेर असा दिसतो, आणि मालकी बदलायची असली तर 'पॉडमन अनशेअर' वापरून बदला, सुडो चाऊन मारत सुटू नका. रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर एसईलिनक्स ह्या जादा सुरक्षेच्या थरामुळं माउंटच्या शेवटी कोलन देऊन मोठा झेड लावावा लागतो, नाहीतर परमिशन डिनाईड.

कंपोजच्या फाइली पॉडमनवर चालतात, पण 'पॉडमन कंपोज' ही कमांड स्वतः काही करत नाही, मागं दुसरा प्रोग्राम बोलावते. माझं मत, पॉडमन घेणार असाल तर कंपोज सोडा आणि क्वॉडलेट शिका. क्वॉडलेटमध्ये प्रत्येक कंटेनरसाठी एक छोटी फाइल लिहायची, ती सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, सर्व्हिस होते, मग चालू-बंद, लॉग, क्रम सगळं सिस्टमडी बघतं. फक्त व्हर्जन तपासा! क्वॉडलेट पॉडमन ४.४ पासून आलंय. उबुंटू २२.०४ मध्ये मिळतं ३.४, डेबियन १२ मध्ये ४.३, म्हणजे दोन्हीकडं नाही. उबुंटू २४.०४ मध्ये ४.९ आहे, तिथं चालतं. अर्ध्या लोकांची पॉडमनबद्दलची तक्रार जुन्या व्हर्जनची असते.

आता प्लग काढा

तुलना वाचून होत नसती. दोन्ही टूलवर तेच ॲप बसवा, टेस्टचा डेटा टाका, पट्ट्या बनवायला लागा आणि मधीच मशीनचा प्लग खेचा. खरंच खेचा, शटडाऊन करू नका. पाच मिनिटांनी परत लावा आणि कीबोर्डला हात न लावता दुसऱ्या मोबाइलवरून ॲप उघडतंय का बघा.

पहिल्यांदा बहुतेक मशीनच चालू होणार नाही. त्यात कंटेनरचा दोष नाही, बायोसमध्ये लाईट परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग असते, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' नाहीतर त्यासारखं नाव, ती ऑन करा. हे न करता बाकीचं सगळं केलं तर मुनीमजी सकाळी येऊन बटण दाबेपर्यंत तुमचं ऑटो रीस्टार्ट धूळ खात पडलेलं राहील.

मशीन उठलं. डॉकरवर 'अनलेस-स्टॉप्ड' ही पॉलिसी लावली असेल तर तिन्ही कंटेनर उठायला लागतात, पण बघा गंमत काय होते. कंपोजमध्ये तुम्ही 'डिपेंड्स ऑन' लिहून आधी डेटाबेस, मग ॲप, मग एन्जिनेक्स असा क्रम दिलेला असतो. तो क्रम कंपोजची कमांड चालवली तरच पाळला जातो. बूटनंतर डीमन कंटेनर उठवतो तेव्हा कंपोज मधी नसतंच, त्यामुळं सगळे कसेही उठतात. इकडं पोस्टग्रेस लॉगमध्ये सांगतंय की मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, रिकव्हरी चालू आहे, म्हणजे डब्ल्यूएएल ही बदलांची नोंदवही वाचून राहिलेलं पूर्ण करायलंय. तिकडं ॲप मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतले बदल, चालवायला जातं, डेटाबेस म्हणतो अजून चालू होतोय थांब, ॲप पडतं. एन्जिनेक्सला ॲपचं नाव सापडत नाही, 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' म्हणून ते पण पडतं. पण डॉकर पिच्छा सोडत नाही, परत उठवतो, दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करत जास्तीत जास्त एक मिनिटापर्यंत नेतो, आणि थोड्या वेळात सगळं आपोआप जाग्यावर येतं. दिसायला गबाळं आहे पण काम होतंय.

पॉडमनवर तीच परीक्षा घ्या. रूटलेस कंटेनर तुमच्या युजरच्या नावावर चालतात, आणि बूटनंतर मशीन लॉगिन स्क्रीनवर येऊन थांबलेलं असतं, कुणी लॉगिनच केलेलं नाही, म्हणून एकही कंटेनर उठत नाही. यासाठी 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' ही कमांड त्या युजरसाठी एकदा द्यावी लागते. क्वॉडलेटच्या फाइलमध्ये इन्स्टॉल विभागात 'वॉन्टेड बाय' ला 'डिफॉल्ट डॉट टार्गेट' लिहायचं, 'सिस्टमसीटीएल एनेबल' मारायला जाऊ नका, क्वॉडलेटच्या सर्व्हिसला ते लागू पडत नाही, एरर येते. क्रमासाठी 'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' लिहा, तो क्रम बूटला पण पाळला जातो, इथं पॉडमन सरस आहे.

पण एक जागा अशी आहे की तिथं सिस्टमडी डॉकरपेक्षा लवकर हात टेकतं. 'रीस्टार्ट' ला 'ऑलवेज' लिहिलं तरी डिफॉल्टमध्ये १० सेकंदात ५ वेळा सर्व्हिस सुरू होऊन पडली की सिस्टमडी पुढं प्रयत्नच करत नाही. डेटाबेसची रिकव्हरी जरा लांबली तर ॲपचे पाच प्रयत्न दोन-चार सेकंदात उडतात आणि मग दिवसभर ते मेलेलंच. 'रीस्टार्ट सेक' १० करून टाका, म्हणजे दर प्रयत्नात १० सेकंदाची उसंत राहते आणि ती मर्यादा लागतच नाही. ही एक ओळ विसरली म्हणून पॉडमन भरवशाचं नाही असं म्हणणारे कमी नाहीत.

प्लग खेचायच्या आधी शेवटची पट्टी कोणत्या नंबरची निघाली ते लिहून ठेवा आणि नंतर ती डेटाबेसमध्ये आहे का बघा. पोस्टग्रेस कमिट झालेलं सांभाळतं, फक्त कुणी स्पीड वाढवायच्या नादात एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का उतरवायची सेटिंग, ऑफ केलेली नसावी.

नेट आणि इमेज

यात दोन्ही टूल सारखीच, म्हणून थोडक्यात. इमेज बारीक ठेवा, पायथॉनची स्लिम इमेज घ्या, मल्टी-स्टेज बिल्ड करा, आणि डॉकरफाइलमध्ये आधी रिक्वायरमेंट्स कॉपी करून इन्स्टॉल मग कोड कॉपी, म्हणजे कोड बदलला तरी वरचा छोटा लेयरच परत ओढावा लागतो. नेट अगदीच रडत असेल तर 'डॉकर सेव्ह' करून फाइल झिप करा, पेनड्राइव्हवर टाका, एसटीनं जा आणि तिकडं 'लोड' करा, पॉडमन पण डॉकरची ही फाइल उघडतो. लॅपटॉप ॲपलच्या एम चिपचा असेल तर बिल्ड करताना प्लॅटफॉर्म लिनक्स एएमडी६४ सांगा, नाहीतर दुकानातल्या मशीनवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येऊन कंटेनर तिथंच बसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवत असाल तर डॉकर हबची पुल मर्यादा लागते, लॉगिन न करता ओढलं तर ती आयपीवर मोजतात आणि अख्ख्या लॅबचा आयपी एकच. एका मशीनवर रजिस्ट्रीचा कॅशे लावून टाका, प्रश्न मिटला.

कुबरनेटीस कधी?

गुगलनं २०१४ ला जाहीर केलं, २०१५ ला १.० आलं. ते बनलंय अनेक मशीनसाठी, एक मशीन मेलं तर त्यावरचं काम दुसऱ्यावर हलवायला, लोड वाढला तर कॉपी वाढवायला, बंद न करता नवीन व्हर्जन चढवायला. आपल्याकडं मशीनच एक आहे, ते मेलं तर हलवणार कुठं? एका आडतीसाठी कुबरनेटीस लावणं म्हणजे दोन कट्टे तूर न्यायला रेल्वेची रेक बुक करणं. क्यूबएडीएम ह्या त्याच्याच टूलनं बसवायचं तर दर मशीनला कमीत कमी २ जीबी रॅम आणि मुख्य मशीनला २ सीपीयू, त्याहून कमी रॅम असली तर तुमच्या ॲपला जागाच उरत नाही.

तरी हात मारायचाच असेल, पुण्याच्या नोकरीला इंटरव्ह्यूत विचारतात म्हणून तर नक्कीच, तर के३एस हे हलकं कुबरनेटीस घ्या. एकच बायनरी आहे, एकट्या सर्व्हरवर ईटीसीडी ह्या कुबरनेटीसच्या नेहमीच्या डेटाबेसच्या जागी एसक्यूलाइट वापरतं, कंटेनरडी आतच येतं. घरच्या लॅपटॉपवर शिका, गिऱ्हाइकाच्या मशीनवर शिकू नका. तीन-चार शाखा असलेला क्लास किंवा दवाखाना असेल आणि दोन-तीन मशीन एका जागी असतील तर डॉकर स्वॉर्म बघा, डॉकरमध्येच येतं आणि कंपोजची फाइल थोड्या फरकानं चालते. त्यात नवीन काम फारसं होत नाही हे खरं, पण आपल्या गरजेला पुरतं.

इन्कस आणि एलएक्सडी हा वेगळा प्रकार आहे, त्यात एका ॲपऐवजी अख्खी लिनक्स सिस्टिम कंटेनरमध्ये बसते. जुनं पीएचपीचं ॲप, क्रॉन, मेल सगळं एकात गुंतलेलं असेल आणि वेगळं करायला वेळ नसेल तर ते बरं. एलएक्सडी २०२३ ला कॅनॉनिकलनं आपल्या ताब्यात घेतलं तेव्हा त्यातून इन्कस फुटून निघालं, नवीन सुरुवात करणार असाल तर इन्कस.

मग घ्यायचं काय

एक मशीन, एकटे तुम्ही, आणि तुमच्यामागं बघणारा गावातला दुसरा पोरगा ज्यानं कॉलेजात डॉकर शिकलंय, तर डॉकर आणि कंपोज. एकच फाइल वाचून त्याला सगळं कळतं, ही गोष्ट लहान नाही. मशीनवर अनेकांचे लॉगिन असतील, बँक-पतसंस्थेसारखं सुरक्षेचं ऑडिट होत असेल, किंवा रॉकी-अल्मा असेल तर पॉडमन आणि क्वॉडलेट, पण सिस्टमडी येत असलं तर. येत नसेल तर आधी ते शिका.

कोणतंही घेतलं तरी पोस्टग्रेसच्या इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावू नका, मोठं व्हर्जन बदललं की जुनं डेटा फोल्डर नव्याला चालत नाही आणि कंटेनर उठायलाच नकार देतो. आकडा टाका, १६ तर १६. 'डॉकर कंपोज डाऊन' पुढं डॅश व्ही कधी लावू नका, तो व्हॉल्यूमसकट सगळा हिशोब पुसतो आणि परत विचारत पण नाही. बॅकअप म्हणजे रोज रात्री पीजी-डंप ह्या पोस्टग्रेसच्या कमांडनं काढलेली प्रत, चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करून ठेवलं तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

डॉकरवरून पॉडमनवर जायचं असेल तर इमेज येते पण व्हॉल्यूम आपोआप येत नाही. सीझन संपल्यावरच हात घाला. पीजी-डंप काढा, पॉडमनवर रिकामा पोस्टग्रेस उभा करून त्यात रिस्टोअर करा, ॲप ८०८० वर चालवून जुन्या दहा-वीस पट्ट्या उघडून आकडे जुळवा. मग डॉकरची सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही डिसेबल करा, नुसती सर्व्हिस बंद केली तर सॉकेट तिला परत उठवतं. डॉकर लगेच अनइन्स्टॉल करू नका, एखादा महिना तसंच पडू द्या.